रेडिएटरमधलं पाणी

अप्पा,

काल गाडी नेली. गोकुळ रोडवरच्या भंगारवाल्याचा ट्रक आला होता. त्याच्या माणसांनी ती ढकलत फळीवरून वर चढवली, साखळीनं बांधली आणि चहाही न घेता ती माणसं निघून गेली. शेजारच्या काकू फाटकात उभ्या होत्या, त्यांनी ट्रककडे बघून हात जोडले. मी नाही जोडले. बॉनेट शेवटचं लावताना हाताला काळं लागलं होतं, ते धुवायला मी आत गेले आणि हात धुऊन झाल्यावरही बराच वेळ नळ तसाच सोडून उभी राहिले.

दुसरा इलाज नव्हता. गाडीचं पासिंग आता होणार नाही असं आरटीओ ऑफिसात स्पष्ट सांगितलं. मी हुबळीत विद्यानगरला राहते, मी शिकवते ते कॉलेज तिथंच, त्यामुळे धारवाडचं हे घर भाड्यानं द्यायचं ठरवलंय आणि येणाऱ्या बिऱ्हाडाला शेड रिकामी हवी आहे. तुम्ही गेल्यापासून इतकी वर्षं मी सुट्टीच्या दिवशी इथं येऊन इंजिन चालू करत असे, गाडी कोपऱ्यापर्यंत नेत असे आणि परत आणून लावत असे. कशासाठी, असं आमचे हे विचारायचे, आणि मला नीट सांगता यायचं नाही. भंगारवाला फोनवर म्हणाला, आतलं ऑइल, पेट्रोल, पाणी काढून ठेवा, नाहीतर आमची माणसं काढतील. त्याची माणसं कसं काढतात ते मी पाहिलं आहे. खालचा पाईप सुरीनं कापायचा आणि सगळं जमिनीवर सोडून द्यायचं. मग गल्लीतली कुत्री येऊन ते चाटतात. रेडिएटरच्या पाण्यातलं कूलंट गोड लागतं, आणि ते पोटात गेलेलं कुत्रं तडफडून मरतं, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. म्हणून रविवारी मी स्वतःच काढलं.

तुम्ही शिकवलं होतं तसंच केलं. इंजिन पूर्ण थंड झालेलं. आधी रेडिएटरवर हाताचा तळवा ठेवून बघायचं, मग टोपणावर जाड फडकं टाकायचं, टोपण थोडंसं फिरवून थांबायचं, आतून फुसफुस येते का ऐकायचं आणि मगच पूर्ण काढायचं. मग गाडीखाली शिरून रेडिएटरच्या तळाचा छोटा नळ सैल करायचा आणि तोंड बाजूला करायचं. आता माझे गुडघे दुखतात, खाली शिरायला वेळ लागतो. पण बोटांना जागा आठवते. त्या नळाला कुठून धरायचं, किती जोर लावायचा, हे माझ्या बोटांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

हे तुम्ही पहिल्यांदा केलंत ते आई गेल्यानंतरच्या सुट्टीत. मी नववीत होते. तुम्ही स्वयंपाकघरात जाता आणि आईची कणीक मळायची ॲल्युमिनियमची परात घेऊन बाहेर येता, ती गाडीखाली सरकवता. मी दारात उभी आहे. मला ओरडावंसं वाटतं, ती नको, ती आईची आहे. मी ओरडत नाही. तुम्ही नळ सोडता आणि काहीच येत नाही. तुम्ही तार घालून आत ढोसता, तेव्हा विटकरी रंगाचं दाट पाणी येतं आणि त्याच्या मागून पांढरे पापुद्रे, अंड्याच्या टरफलासारखे, परातीत टकटक वाजत पडतात. तुम्ही एक पापुद्रा उचलून बोटांत चुरडता. तुम्ही हायस्कुलात विज्ञान शिकवत होतात, अप्पा. जड पाणी तापवलं की भांड्याच्या आतून खर कशी धरते, हा धडा तुम्ही फळ्यावर आकृती काढून वर्षानुवर्षं शिकवला होता. आपल्या बोअरच्या पाण्यानं न्हाणीतल्या बंबाला धरलेली खर तुम्ही दर उन्हाळ्यात हातोडीनं ठोकून काढायचात. आणि तेच पाणी तुम्ही रोज सकाळी शाळेला निघताना तांब्यानं गाडीत ओतत होतात. गल्लीत ज्यांच्याकडे गाड्या होत्या ते सगळेच ओतायचे. “हे बघ,” तुम्ही म्हणालात, वर्गात म्हणायचात तसं, आणि पुढचं वाक्य आलंच नाही. तुम्ही गाडीखालून बाहेर आला नाहीत. मला फक्त तुमचे पाय दिसत होते.

आई गेली त्या दिवसाबद्दल आपण कधीच बोललो नाही. आता मी बोलते. मे महिना होता, दुपारची जेवणं झाली होती. लहानपणच्या कुठल्याशा तापानं आईचं हृदय अधू झालं होतं, पण घरात तो आजार कुणी आजार म्हणून धरत नव्हतं. आई जिना चढताना मध्ये थांबते, इतकंच आम्हाला माहीत. त्या दुपारी ती भांडी विसळता विसळता ओट्याला टेकून खाली बसली आणि म्हणाली, “मला श्वास पुरेना.” गल्लीतले डॉक्टर आले, त्यांनी छाती तपासली आणि अंगणात येऊन हळू आवाजात सांगितलं, इथं ठेवू नका, हुबळीला मोठ्या दवाखान्यात न्या, लगेच. तुम्ही हुबळीला मामाच्या दुकानात फोन लावलात. आईचा धाकटा भाऊ, बाजारात कापडाचं दुकान, माल आणायला दुकानाची जीप. मला फक्त तुमच्या बाजूचं ऐकू येत होतं. “जीप नको. तू जीप पाठवणार, ती इथं येणार, मग परत जाणार. तेवढ्यात आम्ही पोचतो की. तू सरळ दवाखान्यात ये.” मला ते बरोबर वाटलं. आजही हिशेब करून बघते तेव्हा ते बरोबरच वाटतं.

आई मागच्या सीटवर, तिचं डोकं माझ्या मांडीवर. खिडकीतून येणारा वारा भट्टीसारखा. ती मधेच डोळे उघडून म्हणाली, “दूध झाकलंस का गं? मांजर येतं.” मी झाकलं म्हणून सांगितलं. वाटेतलं सत्तूर गाव मागं पडलं तेव्हा तुम्ही पुढच्या तापमानाच्या काट्याकडे बघायला लागलात. तुम्ही रस्त्याकडे बघत होतात आणि काट्याकडे बघत होतात, आणि तुमच्या मानेची शीर ताठ झालेली मला मागून दिसत होती. वेग कमी केलात. मग आणखी कमी. रायापूरच्या पुढं बॉनेटखालून वाफ यायला लागली आणि इंजिननं एक कोरडा, घासल्यासारखा आवाज काढला. तुम्ही गाडी बाजूला घेतलीत. तिथं सावली नव्हती.

थंड होईपर्यंत थांबायचं, हे तुम्हाला माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण त्या दिवशी थांबणार कोण? तुम्ही खांद्यावरचा टॉवेल टोपणावर टाकलात आणि एका झटक्यात ते फिरवलंत. पाणी कारंज्यासारखं उडालं. तुमचा उजवा हात कोपरापर्यंत आणि गळ्याची एक बाजू भाजली. तुम्ही गाडीच्या दारातून आत वाकलात, आईसाठी घेतलेली पाण्याची बाटली माझ्या पायाशी होती ती उचललीत आणि रेडिएटरमध्ये ओतलीत. आत चर्रर झालं आणि सगळं पाणी खालून रस्त्यावर आलं. मग आईनं पाणी मागितलं. बाटली तुमच्या हातात होती, रिकामी. तुम्ही तिच्याकडे बघितलंत, मग बाटलीकडे. अप्पा, तुमचा तो चेहरा मी कुणालाही सांगितलेला नाही. आमच्या ह्यांनाही नाही.

मग तुम्ही रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिलात, दोन्ही हात पसरून. एक लॉरी तुम्हाला चुकवून गेली. मागून धारवाडहून येणारी बस होती, ती थांबली. लोक भराभर उतरले, कुणीतरी आईला उचललं, मागच्या लांब सीटवरची माणसं न सांगता उठली. एका बाईनं आपल्या तांब्यातलं पाणी तिच्या ओठांना लावलं, ते आत गेलं नाही, गालावरून ओघळलं. कंडक्टर दारात उभा राहून ओरडला, “एल्लू निल्सब्याड, सीदा दवाखानिगि नडी!” कुठं थांबवू नको, सरळ दवाखान्यात चल. ड्रायव्हरनं हॉर्नवरचा हात काढला नाही. उणकलला उतरायचं होतं ते उतरले नाहीत, कुणी कुरकुर केली नाही. तुम्ही सीटच्या पायाशी खाली बसून आईचा पाय धरला होता, डाव्या हातानं. उजव्या हाताची कातडी सुटायला लागली होती आणि ते तुमच्या लक्षातही नव्हतं.

आई बसमध्ये गेली की दवाखान्यात, मला नक्की सांगता येणार नाही. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, तरी सांगता येणार नाही. दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. तो बाहेर आला आणि म्हणाला, “थोडं आधी आणायला हवं होतं.” मामा तिथंच होता, दुकानातून धावत आलेला, पायात दोन वेगवेगळ्या चपला. त्यानं डॉक्टरचं ऐकलं, तुमच्याकडे बघितलं, तुमच्या हाताकडे बघितलं आणि विचारलं काय झालं. तुम्ही सांगितलंत, गाडी तापली. जन्मभर तुम्हाला ‘दाजी’ आणि ‘तुम्ही’ म्हणणारा मामा त्या व्हरांड्यात ओरडला, “मी जीप पाठवतो म्हणालो होतो! म्हणालो होतो की नाही? सांग! त्या खटाऱ्यात घालून आणलंस माझ्या अक्काला? तू मारलंस तिला.” नर्सा थांबून बघत होत्या. मला वाटलं तुम्ही काहीतरी बोलाल. जीप येऊन परत जायला किती वेळ लागला असता ते तरी सांगाल. तुम्ही म्हणालात, “होय.” एवढंच. होय.

दुसऱ्या दिवशी तुम्ही बँडेज बांधलेल्या हातानं आईला अग्नी दिलात. मामा स्मशानात लांब उभा होता, तिथूनच निघून गेला, आणि मग आपल्या घराची पायरी चढला नाही.

गाडी काही दिवसांनी ओढून घरी आणली. मेस्त्रीनं इंजिन उघडून दुरुस्त केलं आणि तुम्हाला सल्ला दिला, सर, आता विकून टाका. शाळेतल्या लोकांनीही सांगितलं, डोळ्यांसमोर नको ती वस्तू. तुम्ही ऐकलं नाहीत. मी मोठी झाल्यावर एकदा विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, “विकली तर दुसऱ्याच्या घरचं माणूस तिच्यात बसेल.” मग हे दरवर्षीचं सुरू झालं. तुम्ही हुबळीहून हिरवं कूलंट आणायचात आणि बॅटरीचं शुद्ध पाणी. जुनं काढायचं, साधं शुद्ध पाणी भरायचं, इंजिन चालू करायचं, वरचा पाईप हाताला गरम लागेपर्यंत वाट बघायची, कारण तो गरम झाला म्हणजे पाणी आतून सगळीकडे फिरलं. मग बंद करून थंड होऊ द्यायचं, पुन्हा काढायचं, पुन्हा भरायचं. उतरणारं पाणी पेल्यात धरून उजेडाकडे बघायचात तुम्ही. ते स्वच्छ आलं तरी आणखी एकदा करायचात. सगळा दिवस जायचा.

पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला असताना एकदा तुम्ही मला पाणी भरून आण म्हणालात. शुद्ध पाण्याचा डबा संपला होता, म्हणून मी अंगणातल्या नळाचं, बोअरचंच पाणी कॅनमध्ये भरून आणलं आणि ओतायला लागले. कॉलेजचा पेपर होता दुसऱ्या दिवशी, मला लवकर सुटायचं होतं. “कुठलं पाणी ते?” तुम्ही गाडीखालूनच विचारलंत. मी म्हटलं, नळाचं, धुवायलाच तर आहे. तुम्ही बाहेर आलात, माझ्या हातातलं कॅन हिसकावून घेतलंत आणि भिंतीवर फेकलंत. ते फुटलं. “एवढं बघूनसुद्धा?” तुम्ही म्हणालात. “एवढं सगळं बघूनसुद्धा तू?” तुम्ही माझ्यावर आवाज चढवलात तो तेवढाच. मग तुम्ही पुन्हा सगळं काढलंत, पुन्हा भरलंत, आणि जेवायला बसला नाहीत. मी अभ्यासाला बसले आणि पुस्तकातली एक ओळ वाचली नाही.

गाडी तयारीत असते हे हळूहळू गल्लीला कळलं. कुणाला कळा सुरू झाल्या, कुणाच्या आजोबांना अर्धांग झालं, कुणाचा मुलगा झाडावरून पडला, की लोक आपलं दार ठोठावायचे. तुम्ही शर्ट अडकवायचात आणि निघायचात. किती माणसं तुम्ही त्या रस्त्यानं हुबळीला पोचवलीत, मला माहीत नाही. ती बहुतेक जगली. त्यांच्यातली काही मला अजून भेटतात, कॉलेजात, बसस्टॉपवर. एक मुलगी तर माझ्याच वर्गात होती, तिच्या आईनं येऊन सांगितलं, हिला तुमच्या अप्पांच्या गाडीनं वाचवलं. मी हसले, डोक्यावरून हात फिरवला. मनात वेगळंच होतं. सगळ्या गावासाठी ती गाडी तयार होती. मनात हे यायचं आणि मला स्वतःचीच किळस यायची, तरी यायचंच. एकदा एका ओळखीच्या डॉक्टरना मी विचारलं, ‘थोडं आधी आणायला हवं होतं’ याचा अर्थ काय. ते म्हणाले, काही नाही हो, आम्ही सगळ्यांनाच तसं म्हणतो. मी घरी येऊन तुम्हाला ते सांगितलं. तुम्ही पेपरातून मान वर न करता म्हणालात, “असेल.”

मामाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा मला वाटलं, आता संपेल. मामा स्वतः आला होता, पण फाटकातच उभा राहिला. तुम्ही नेमके त्या दिवशी गाडीचं पाणी काढत होतात, हात ओले, शर्टावर डाग. तुम्ही त्याला आत ये म्हणालात. तो म्हणाला, “लग्नाला या. खरं, ती गाडी विकून या. माझ्या मांडवापुढं ती उभी केलेली मला चालणार नाही.” तुम्ही म्हणालात, “मी बसनं येतो की.” तो म्हणाला, “कशानंही या. ती घरात आहे तोवर नको.” तुम्ही गाडीकडे बघितलंत. मग म्हणालात, “मग राहू दे.” पत्रिका तुमच्या ओल्या हातात होती, तिची शाई पसरली. आपण लग्नाला गेलो नाही.

तुम्ही गेलात ते घरीच, सकाळी, आरामखुर्चीत. कुणाला कुठं न्यावं लागलं नाही. तुमच्या दहाव्याला मामा आला आणि कोपऱ्यात बसून राहिला. नंतर दिवाळीला येऊ लागला, माझ्याकडे, विद्यानगरला. आम्ही तुमच्याबद्दल बोलायचो नाही, आईबद्दल बोलायचो. लहानपणी ती त्याला कशी पाठीवर घेऊन शाळेत न्यायची, हे तो दरवेळी सांगायचा आणि मी दरवेळी नवं असल्यासारखं ऐकायची.

रविवारी मी गाडीखालून बाहेर आले तर मामा फाटकात. रिक्षानं एवढ्या लांब आला होता, काठी टेकत. गाडी जाणार हे त्याला त्याच्या मुलीकडून कळलं होतं. मी खुर्ची आणून दिली, तो बसला नाही. गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, “अक्का कुठं होती?” मी मागचं दार उघडलं, दाखवलं. त्यानं सीटवर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. नुसतं भंगारात द्यायची तर एकदा पाणी काढलं की पुरे होतं. पण मी तुमच्यासारखंच पुन्हा शुद्ध पाणी भरलं होतं आणि इंजिन चालू केलं होतं. का, ते विचारू नका. वरच्या पाईपवर हात ठेवून मी गरम व्हायची वाट बघत होते. तेव्हा मामा माझ्यामागून म्हणाला, “जीप नव्हती गं.”

मला इंजिनच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही. मी म्हटलं, “काय?”

“त्या दिवशी. दाजींचा फोन आला तेव्हा. जीप सकाळीच माल आणायला गदगला गेली होती. दारात नव्हतीच.” तो सीटकडे बघूनच बोलत होता. “मी आपलं म्हणून गेलो, पाठवतो म्हणून. अक्काला बरं नाही म्हटल्यावर काय म्हणणार? शेजारच्याची मागून घेतली असती. मिळाली असती, नसती, देव जाणे. दाजी नको म्हणाले आणि, खरं सांगतो पोरी, मला सुटल्यासारखं वाटलं.”

पाईप हाताला चटका देण्याइतका तापला होता. मी हात काढला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं.

“मग दवाखान्यात?” मी विचारलं.

“डॉक्टर तसं बोलला आणि माझ्या तोंडातनं ते निघून गेलं. निघालं ते निघालं. परत कसं घ्यायचं? आईला सांगितलं, बायकोला सांगितलं, सगळ्या पाहुण्यांना सांगितलं. सांगून सांगून मलाच वाटायला लागलं, दारात जीप उभी होती, ड्रायव्हर बसला होता, दाजींनीच नको म्हटलं. मी ती जीप बघायचो, डोळ्यांनी. फक्त ही गाडी दिसली की आठवायचं. म्हणून म्हणायचो, विका. दाजी विकायचे नाहीत.” त्यानं काठी गाडीला टेकवली आणि दोन्ही हातांनी डोळे पुसले, म्हातारी माणसं पुसतात तसे, तळव्यांनी. “दाजींना कळलं होतं का गं? जीप नव्हती ते?”

तुम्हाला कळलं नव्हतं, अप्पा. हुबळीत एक जीप तयार होती आणि आपण तिची वाट बघितली नाही, असं समजूनच तुम्ही जगलात आणि असं समजूनच गेलात. व्हरांड्यात तुम्ही ‘होय’ म्हणालात ते त्या जीपला होय होतं. हे सगळं मला त्या वेळी स्वच्छ दिसत होतं. मामाच्या अंगावर ओरडायला माझ्याकडे सगळं होतं. समोर ऐंशी ओलांडलेला, पाय थरथरणारा माणूस उभा होता, माझ्या आईच्या डोळ्यांसारखे डोळे असलेला.

मी म्हटलं, “हो मामा. अप्पांना माहीत होतं.”

“कसं?”

“कुणीतरी बाजारातलं बोललं होतं. अप्पा मला म्हणाले, त्याला कधी विचारू नको, त्याला वाईट वाटेल. त्याची अक्का गेली म्हणून बोलला तो, मनात काही नव्हतं त्याच्या.”

मामा खुर्चीत बसला. “असं म्हणाले?” “असंच म्हणाले.” “दाजी देवमाणूस,” तो म्हणाला. मग त्यानं चहा मागितला. मी आत जाऊन केला. साखर बंद आहे त्याला, तरी मागून घेतली. बशीत ओतून, फुंकर मारत त्यानं तो सगळा संपवला आणि कपाळावरचा घाम पुसून म्हणाला, यंदा आंबा उशिरा आलाय, आणि मुलीकडे लोणच्याच्या कैऱ्या आल्यात, तुला पाठवतो. रिक्षात बसताना त्यानं माझ्या गालाला हात लावला. चेहरा इतका मोकळा झाला होता की क्षणभर मला फोटोतला तरुण मामा दिसला. तो गेल्यावर मी उरलेलं पाणी काढलं. ते पहिल्यापासूनच स्वच्छ येत होतं.

हे लिहून झालं की मी घडी घालून कपाटात टाकेन, आणि पुढच्या वेळी कपाट आवरताना फाडेन. तुम्हाला कुठल्या पत्त्यावर पाठवू? लिहायला बसले ती जीप नव्हती एवढं तुम्हाला सांगायला. ते सांगून झालं. आणखी एक राहिलं. तुमच्या नावावर मी खोटं बोलले, त्याचं मला वाईट वाटत नाही. मामाला एवढ्याशानं, एका कप चहाच्या आत बरं वाटलं, ते मात्र मला सोसलं नाही. कैऱ्या आल्या आहेत. पिशवी अजून मी उघडलेली नाही.